दोरात बांधलेल्या रजया

आमच्या गल्लीत कुणी गेलं की लोक आधी कुलुइपाकडे यायचे, मुल्लाकडे नंतर. हसू नका, खरं तेच सांगते. मयताला आलेली माणसं बसणार कशावर, लांबून आलेली झोपणार कशावर, मोठी कढई कुणाची आणायची, या सगळ्याला एकच उत्तर होतं, माझी थोरली जाऊ. तिच्या घरात दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी, लग्नात आलेला पत्र्याचा पेटारा होता आणि त्या पेटाऱ्यावर घडी घालून रचलेल्या रजया न् गाद्या, थेट छताला टेकलेल्या. मखमलीच्या, साटीनच्या, छिटाच्या. आमच्याकडे नवीन घरात शिरलेली बाई भांडीकुंडी बघत नाही, ही चळत बघते. चळत कमरेइतकी असली तर मनात म्हणते, बाई जरा आळशीच दिसते. कुलुइपाची वरची रजई काढायला स्टुलावर चढावं लागायचं, आणि ते स्टूल पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायची तिला भारी हौस.

मी जिपार, तिची धाकटी जाऊ. तिचं घर गल्लीच्या या बाजूला, माझं त्या बाजूला, आणि मधे एक पाट, जो हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्यात भांडणं लावतो. आम्ही दोघी एकाच सासूच्या हाताखाली तयार झालो, त्यामुळे दोघींचंही तोंड तिखट आहे. पण माझ्या तोंडाचं तिखट लोकांना लगेच कळतं. तिचं कळायला वेळ लागतो, कारण ती आधी खायला घालते.

खायला घालणं हाच तिचा जन्मभराचा उद्योग. मोठे दीर मेंढ्या घेऊन वर कुरणात, ही खाली घरात. त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात सुना घेत नाहीत, आणि ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी जीभ वळत नाही. प्रत्येक मुलामागे त्यांनी घराला एक खोली जोडली, अशा पाच खोल्या झाल्या. पाचही खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या मी पाहिल्यात. पाहुणे आत, मानाच्या जागी, आणि कुलुइपा दाराजवळ चहाच्या समोवारपाशी. आमच्याकडे चहाची वाटी काठोकाठ भरून देत नाहीत, अर्धीच देतात, म्हणजे माणूस बसतो आणि पुन्हा मागतो. आता तीस माणसं पुन्हा पुन्हा मागायला लागली की ओतणाऱ्या बाईने आपला चहा प्यायचा कधी? तिची वाटी मांडीशी तशीच पडलेली असायची, वर सायीचा पापुद्रा धरलेला. सगळे उठले की ती एका घोटात तो गार चहा संपवायची आणि म्हणायची, "हं, आता भांडी."

मग मुलं पांगली. दीर गेले. माझेही मालक गेले. गल्लीत समोरासमोर दोन म्हाताऱ्या आणि दोन धुराडी उरली. सकाळी उठून मी आधी तिच्या धुराड्याकडे बघायची. धूर निघतोय, म्हणजे बाई उठली. तीही माझ्याकडे तशीच बघायची, हे मला माहीत होतं. याबद्दल आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही. बोलणं व्हायचं ते भांडणापुरतंच.

पाच खोल्यांचं घर आमच्या किर्गिझ डोंगरांत, नारीनच्या हिवाळ्यात तापवायचं म्हणजे काय, ते ज्याने तापवलंय त्याला विचारा. कोळसा उचला, राख उपसा, छपरावरचा बर्फ ओढा. तिचे गुडघे गेलेले. तेव्हा ती पहिल्या बर्फाबरोबर चार खोल्यांना कुलपं लावायची आणि स्वयंपाकघरात राहायची. चुलीजवळ एक गादी, एक रजई, एक वाटी. बाकीचं घर पलीकडे गोठून पडलेलं. आत गेलं तर भिंतीवर दव गोठून पांढरं झालेलं दिसायचं, आणि मधोमध ती चळत, कुणी राणी बसावी तशी.

"एजे," मी तिला म्हणायची, थोरलीला आमच्यात एजे म्हणतात, "तुझ्या रजया तुझ्यापेक्षा मोठ्या घरात राहतात."

"तुला का जळतंय? तुझ्या तर खिडकीपर्यंतच आल्यात."

मागच्या नोव्हेंबरात एका सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. मी चहा ठेवला, पुन्हा पाहिलं. नाही. हाताला आली ती चप्पल अडकवून मी पळाले. गेले तर ती कोळशाच्या खोपटाबाहेर बर्फावर आडवी, बादली एकीकडे, ती एकीकडे. पाय घसरला होता आणि कंबर उचलत नव्हती. ओठ निळे. मला बघून म्हणते काय, "आलीस? इतका वेळ कंगवा करत होतीस का?"

मी तिला ओढत आत नेलं, शिव्या देत देत, रडत रडत. हाड मोडलं नव्हतं, पण त्या दिवशी मी ठरवलं की हे घर तिला खाणार. अजून एक हिवाळा ती इथे काढणार नाही. तिला कुणी उचललं नाही तर मी उचलीन.

तिचा धाकटा, नुरदीन, बिश्केकहून आला. "आई, माझ्याकडे चल," म्हणाला. ती म्हणाली, बिश्केकमध्ये मला कुत्रंही ओळखत नाही. मग मुलीच्या फ्लॅटचा विषय निघाला. मुलगी नवऱ्याबरोबर दक्षिणेकडच्या जलालाबादला गेली होती आणि नारीन शहरातला तिचा फ्लॅट रिकामा होता. चार मजल्यांची जुनी इमारत, तळमजला, एक खोली, एक स्वयंपाकघर, नळाला गरम पाणी, भिंतीला तापणारे पाइप. आमच्या गावापासून मिनीबसने अर्धा तास. कोळसा नाही, राख नाही, छप्पर दुसऱ्याच्या डोक्यावर. मला तर ऐकूनच सुटल्यासारखं वाटलं.

तिने कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाली, "आणि माझं काही झालं तर? मयताचा तंबू काय, अंगणात लागेल. आत अंथरणार काय? लोक सिमेंटवर बसतील? म्हणतील, कुलुइपाने जन्मभर सगळ्यांना बसवलं आणि स्वतःच्या वेळी बूड टेकायला चिंधी नाही."

हेच होतं तिच्या मनात. मरणाला ती भीत नव्हती, पण लोक उभे राहतील याला भीत होती. नुरदीनने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

शेवटी तिने अट घातली. नोरुझपर्यंत राहून बघते. वसंताच्या सणाला सांगेन, राहते की परत येते. तोवर घराची किल्ली तिच्या कमरेला. आमच्या गावच्या शाळेचे मास्तर, एर्मेक, पाच पोरांसह शाळेच्या मागच्या एका ओलसर खोलीत दिवस काढत होते. कधी घर सोडलं तर ते त्यांना द्यायचं हे कुलुइपानेच आधी कधीतरी कबूल केलेलं. त्यांना सांगितलं, थांबा. मास्तर भला माणूस, म्हणाले, "थांबतो, आपा." त्यांची बायको शेजारीच उभी होती. कडेवरचं पोर खोकत होतं.

सामान आवरताना मी कंबर कसून गेले होते, की आता एकेका ताटलीवरून रणकंदन होणार. काहीच झालं नाही. गाय पुतण्याला दिली. मोठी कढई गल्लीला ठेवली, तिघांनी उचलून मशिदीच्या आवारात नेली. समोवार मोठा मला, छोटा तिला. कपाट, टेबल, नवऱ्याचं खोगीर, नमद्याचे गालिचे, सगळं तासाभरात वाटून मोकळी. मी बघतच राहिले. आणि मग मी चळतीकडे बोट दाखवलं.

"त्याला हात लावायचा नाही."

"अगं एजे, एक खोली आहे. एक!"

"मोजता येतं मला."

"पन्नासेक रजया, बाई! तू कुठे झोपणार, छतावर?"

"तू तुझं बघ."

नुरदीनने रजया दोराने आवळून गठ्ठे बांधले. घोड्याच्या केसांचा जुना दोर, कुरणात जाताना घोड्यावर ओझी बांधायचा तो. ट्रक भरला तर त्यात माणसाला जागा उरली नाही. कुलुइपा पुढे ड्रायव्हरजवळ बसली आणि मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मी बाहेर उभी होते. बरं वाटत होतं आणि रागही येत होता. तिच्या धुराड्यातून आता धूर निघणार नव्हता आणि तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलंच. सवय, दुसरं काय.

पाच आठवड्यांनी मी तिच्याकडे गेले. रस्ता मधे बंद होता, आणि खरं सांगायचं तर मीही जरा फुगले होते, की हिने एक निरोप धाडू नये? दार ढकललं तर दार अर्धंच उघडलं. आत गठ्ठा. मी आडवी होऊन शिरले. त्या एका खोलीत गठ्ठ्यावर गठ्ठा, सगळे दोरात बांधलेले, खिडकी निम्मी झाकलेली, तापणारे पाइप मागे गाडलेले. लोकरीचा वास असा की मेंढवाड्यात आल्यासारखं वाटावं. आणि कुलुइपा कुठे? स्वयंपाकघरात! एक गादी, एक रजई, एक वाटी.

"वा, एजे," मी म्हटलं. "पाच खोल्यांत होतीस तेव्हा स्वयंपाकघरात राहायचीस. आता एका खोलीत आहेस तरी स्वयंपाकघरातच. फक्त कोळसा वाचला."

ती हसली नाही. एरवी उलटून काहीतरी फेकलं असतं. माझ्यासमोर चहा ठेवला, आणि ताजा लोणी-पाव, जॅम, कणकेचे तळलेले बोरसोक, डोंगर केलेला. मी म्हटलं, मी येणार हे तुला कसं कळलं?

"तुझ्यासाठी नाही. रोज तळते. कुणी येईल म्हणून."

"मग?"

"मग काय. पाच आठवडे झाले. जिन्यात भेटतात, मान हलवतात, जातात. कुणी आत पाऊल टाकलं नाही. ओरुलुकला कुणी बोलावलं नाही, जिपार. एकानेही नाही."

हे ऐकून मात्र माझं टाळकं सरकलं. ओरुलुक म्हणजे काही खैरात नाही. नवीन बिऱ्हाड आलं की आधीपासून राहणाऱ्यांनी त्याला आपापल्या घरी जेवायला बोलवायचं, आळीपाळीने, सगळ्यांनी. डोंगरावर कुरणात नवा तंबू पडला तरी हेच. नव्या माणसाच्या चुलीला अजून जाळ नाही, म्हणून पहिला घास शेजारच्याचा. कुलुइपाने गल्लीत आलेल्या एकूण एक घराला ओरुलुक दिला. रशियन डॉक्टरला दिला, वायरमनला दिला, ज्याच्याशी पुढे बारा वर्षं पाण्यावरून भांडली त्यालाही दिला. तिला स्वतःला मात्र कधी मिळाला नव्हता. नव्या जागी ती कधी गेलीच नव्हती, एकदा नवरी म्हणून आली ती आलीच.

"नुरदीनला फोन लाव," ती म्हणाली. "ट्रक घेऊन ये म्हणावं. नोरुझची वाट कशाला बघायची? मी परत येते. इथे मी मेले तर यांना वासावरून कळेल."

माझ्या डोळ्यांसमोर ती कोळशाची बादली आली आणि ते निळे ओठ. मी वाटी खाली ठेवली. "फोन नंतर. आधी मी यांची धुलाई करून येते."

"जिपार, बस खाली. शोभत नाही."

"मला कधी काही शोभलंय?"

बाहेर अंगणात ताजा बर्फ पडला होता आणि इमारतीतल्या चार-पाच बायका गालिचे बर्फावर पालथे टाकून काठ्यांनी झोडपत होत्या. मी सरळ मधे जाऊन उभी राहिले.

"झोडपा, झोडपा! गालिचे स्वच्छ करा. तोंडं काळी झालीत ती कशाने धुणार? पाच आठवडे एक म्हातारी तुमच्या दारात येऊन बसलीये आणि तुमच्या घरात तिच्यापुरता एक वाडगा सूप नाही? तुम्ही किर्गिझ आहात की कोण आहात?"

काठ्या थांबल्या. एक धिप्पाड बाई, लाल हातांची, पुढे आली. साल्कीन तिचं नाव, तिसऱ्या मजल्यावर राहते, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिने काठी बर्फात रोवली आणि माझ्यावर असा आवाज चढवला की मला ती लगेच आवडली.

"आपा, आधी श्वास घ्या. ओरुलुक कुणाला देतात?"

"नव्या बिऱ्हाडाला!"

"बिऱ्हाड कधी होतं? ओझं सोडल्यावर ना? तुमच्या आपांचं ओझं सुटलंय का? आम्ही रोज खिडकीतून बघतो. पहिल्या दिवशी होता तसा दोर, तशीच गाठ. ज्याच्या घोड्यावर ओझं बांधलेलं आहे त्याला कुणी ओरुलुकला बोलावतं का कुरणात? तो वाटसरू. त्याला जेवायला बोलावलं म्हणजे, खा आणि निघ, असं झालं. वर त्यांनीच पहिल्या दिवशी जिन्यात सांगितलं, नोरुझपर्यंत आहे, मग बघू. आम्ही म्हटलं, बाईंचं मन इथे नाही, कशाला टोचा."

दुसरी एक बाई हळूच म्हणाली, "साल्कीनच्या बाल्कनीत मांस टांगलंय तीन आठवडे. कुणालाही हात लावू देत नाही."

"माझा नवरा रोज विचारतो," साल्कीन म्हणाली. "म्हणतो, ही म्हातारी दोर सोडणार कधी आणि मला हाडं चघळायला मिळणार कधी?"

मी हार मानली. असं माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही. बरोबर होतं तिचं, शंभर टक्के बरोबर. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आणि हे आम्हाला सुचलं नाही. कुलुइपा आत बोरसोक तळून त्यांची वाट बघत होती, आणि ते वर मांस टांगून तिची.

मी आत गेले आणि जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठून खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली, गठ्ठ्यांकडे बघत.

"सोडले तर ठेवू कुठे?" ती म्हणाली.

"ठेवता येणार नाहीत."

"म्हणजे द्यावे लागतील."

"द्यावे लागतील, एजे."

"म्हातारी जिवंतपणी वाटायला लागली की लोक म्हणतात, हिचं भरलं."

"तुझं मागच्या नोव्हेंबरातच भरलं होतं. मी परत रिकामं केलं."

तेव्हा ती हसली, पण डोळे भरले होते. मला जवळ ओढून म्हणाली, "मला भीती वाटते गं, जिपार. हे गेलं की मी कोण? एका खोलीत राहणारी कुठलीतरी म्हातारी." मी तिचा हात धरून ठेवला.

मग तिने नाक पुसलं. "काटा आण," म्हणाली, "जेवायचा. गाठी दगड झाल्यात." मी म्हटलं सुरी आणते, तर डोळे वटारले. घोड्याचा दोर कापत नाहीत. मग आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि काट्याने, नखांनी, शेवटी तिने दातांनी, त्या गाठी सोडवल्या. पहिला गठ्ठा सुटला तशा रजया फुगून वर आल्या, श्वास कोंडलेल्या माणसाने मोकळं व्हावं तशा. खिडकीतून उजेड आला. मागे पाइप तापत होते, इतके दिवस कुणाच्या अंगाला न लागलेले.

मी दार उघडून जिन्यात ओरडले, "साल्कीन! दोर सुटला!"

सगळ्या बायका आल्या, अंगावरचा बर्फ झटकत. कुलुइपाने एकेकीला बोलावून हातात रजई ठेवायला सुरुवात केली. ही मखमलीची तुला, ही तुझ्या सुनेला, ही त्या चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला. साल्कीन बिचकली. दोन पावलं मागे सरली.

"आपा, काही होतंय का तुम्हाला? मरायबिरायचा विचार नाही ना?"

"आहे ना," कुलुइपा म्हणाली. "पण आज नाही. ऐक. ही मी तुला देते, पांघर, पोरांना पांघरू दे, पाहुण्यांना दे. फक्त एक कर. माझी वेळ आली की खाली आण आणि तिच्यावरच बस. सगळ्यांनी आणा. अंगणात तंबू लागला की अंथरायला एवढं पुरे."

साल्कीनने ती रजई छातीशी धरली. मग म्हणाली, "आणीन, आपा. पण धुऊन. तोवर माझी पोरं तिची वाट लावणार, सांगून ठेवते."

"लावू देत. शिवायला मी आहे."

झालं. जी चळत एका घरात छताला टेकत होती ती चार मजल्यांवर पसरली. मास्तरांच्या पाच पोरांसाठी पाच, चांगल्या जाड, बाजूला ठेवल्या, मी नेल्या. माझा जीव भांड्यात पडला होता. ती परत जाणार नव्हती, हे तिने सांगायच्या आधीच मला कळलं.

त्याच रविवारी साल्कीनकडे ओरुलुक. मलाही बोलावलं, धुलाईबद्दल. कुलुइपा जिने चढून धापा टाकत पोचली आणि सवयीने दाराजवळ, समोवारपाशी बसायला गेली. साल्कीनने तिला काखेत हात घालून उचललं आणि पार आत, दारासमोरच्या मानाच्या जागी नेऊन बसवलं. खाली अंथरली होती तिचीच मखमली रजई. कुलुइपा बसेना. अर्ध्या बुडावर टेकली, पाय दाराकडे, पळायच्या तयारीत.

"अगं, नीट बस की," मी कुजबुजले. "तुरुंगात आणलंय का तुला?"

"इथून समोवार लांब आहे."

"असू दे लांब. तू ओतणार नाहीयेस."

पहिला चहा आला तो तिच्या हातात. जन्मात पहिल्यांदा पहिली वाटी तिची. आणि ती काय करणार? इतकी वर्षं गार चहा एका घोटात पिणारी बाई, तिने तसाच एक घोट घेतला, आणि जीभ पोळली! हाय हाय करत तोंडाने वारा घेत राहिली, डोळ्यांतून पाणी. बायका घाबरल्या. मी हसून हसून आडवी. आणि मग तीही हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि म्हणाली, "गरम असतो का गं चहा! मला कुणी सांगितलं कसं नाही!"

मांसाचा मानाचा तुकडा, शेपटीकडचा, चरबीचा, तिच्यापुढे आला. साल्कीनच्या नवऱ्याला अखेर हाडं मिळाली. परत खाली उतरताना ती म्हणाली, "अजून किती घरं राहिलीत?" मी म्हटलं, इमारतीला तीन जिने आहेत बाई, नोरुझ नव्हे, पुढचा हिवाळा येईल. ती म्हणाली, "येऊ दे."

नोरुझला ती गावात आली, कमरेची किल्ली काढून मास्तरांच्या बायकोच्या हातात दिली. घरात फिरलीसुद्धा नाही. दारातूनच म्हणाली, "उत्तरेकडची खोली नका तापवू, पैसे जळतात." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धुराड्यातून धूर निघाला, भसाभस, पाच पोरांच्या घराचा. मी खिडकीत उभी राहून बघत होते. बरं वाटलं. आणि मग लक्षात आलं की त्या घरात आता माझ्या धुराड्याकडे बघणारं कुणी नाही. मास्तरीणबाईंना पोरांचे बूट शोधण्यातून फुरसत कुठे? मी म्हटलं, चालायचंच.

एप्रिलमध्ये तिच्याकडे गेले. दार पूर्ण उघडलं. खोली स्वच्छ, मोकळी, गालिच्यावर ऊन. पेटाऱ्यावर एक रजई, तिची. आणि तापत्या पाइपांजवळ, खिडकीखाली, दुसरी गादी घातलेली, त्यावर हिरवी साटीनची रजई. तिची सगळ्यात चांगली. आमच्या सासूने लोकर दिलेली. रजया वाटताना मी ती शोधली होती आणि वाटलं होतं, गेली कुणाकडेतरी.

"हे कुणासाठी?" मी विचारलं. "सगळं वाटलंस म्हणालीस ना?"

"तुझ्यासाठी, बावळट."

"मला घर आहे."

"मलाही होतं." ती समोवारपाशी बसली होती, माझ्याकडे न बघता चहा ओतत. "पाच खोल्या होत्या. आणि समोर तू होतीस, बघायला. तुझ्यासमोर कोण आहे आता? तू बर्फावर पडलीस तर कोण येणार आहे कंगवा करून?"

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, मी अजून धडधाकट आहे, माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, माझं घर मला जड नाही, आणि माझ्या रजया कुठे मावणार इथे? ती म्हणाली, "चौथा मजला अजून अर्धा थंडीत आहे. मावतील." मी म्हटलं, तू आधी स्वतःचं बघ. ती म्हणाली, "बघितलं. म्हणून तर तुझं बघते. इथे धुराडं नाही, जिपार. इथे एकमेकींकडे डोळ्यांनीच बघावं लागेल."

तिने वाटी माझ्या हातात दिली, पहिली. मी फुंकर मारून प्यायले, मी काही तिच्यासारखी वेडी नाही. शेवटची मिनीबस पाचला सुटते. साडेचारला तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हिरव्या रजईवर पाय पसरले आणि म्हटलं, उद्याची धरीन.